नगरसेवक नसलेली चार वर्षं



लोकशाहीवरचं संकट म्हटलं की बोलणारा एकदम दिल्ली गाठतो, नाहीतर वॉशिंग्टन. संसद, सर्वोच्च न्यायालय, निवडणूक आयोग, समाजमाध्यमं, ट्रम्प, पुतिन. हे विषय मोठे आहेत आणि त्यांच्यावर बोललंच पाहिजे. पण आजचं व्याख्यान त्याहून पुष्कळ जवळच्या जागी थांबणार आहे. आपल्या प्रभागात.

मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. पुढची निवडणूक झाली 15 जानेवारी 2026 रोजी. मधली जवळजवळ चार वर्षं सव्वा कोटी लोकांच्या शहरात एकही नगरसेवक नव्हता. महापौर नव्हता, स्थायी समिती नव्हती, सभागृह बंद होतं. पुणे, ठाणे, नागपूर, नाशिक इथेही तेच. कोल्हापूरची मुदत 2020 च्या नोव्हेंबरात संपली होती. छत्रपती संभाजीनगरची त्याच वर्षीच्या एप्रिलात. म्हणजे त्या दोन शहरांनी पाच वर्षांहून अधिक काळ, नगरसेवकाची एक अख्खी मुदत भरेल इतका काळ, प्रशासकाच्या हाताखाली काढला. बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचीही हीच गत होती. मुंबईत 2017 च्या फेब्रुवारीत मतदान झालं होतं. त्यानंतर महिन्याभरात जो मुलगा किंवा जी मुलगी अठरा वर्षांची झाली, तिला आपला नगरसेवक निवडायला सत्ताविसावं वर्ष उजाडावं लागलं.

आता एक प्रश्न विचारावासा वाटतो. या काळात महाराष्ट्रात मोर्चे कमी निघाले का? आरक्षणासाठी निघाले, कांद्याच्या भावासाठी निघाले, पुतळ्यांसाठी निघाले, भाषेसाठी निघाले. आमचं महापालिकेचं मत आम्हाला परत द्या, म्हणून किती निघाले? निवेदनं दिली गेली, याचिका झाल्या, वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. पण शहर रस्त्यावर आलं नाही. आजच्या विषयाचं मर्म इथे आहे. लोकशाहीचा एक अख्खा मजला चार वर्षं कुलूपबंद राहिला आणि वरच्या मजल्यावरच्या आवाजात त्याची शांतता कुणाला ऐकूच आली नाही.

हे घडलं कसं, ते आधी थोडक्यात पाहू. राज्यघटनेच्या 74 व्या दुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान दिलं. त्यातला 243 यू हा अनुच्छेद सांगतो की मुदत पाच वर्षांची, आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. मंडळ मध्येच बरखास्त केलं, तर सहा महिन्यांच्या आत. ही मुदत पाळणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये अहमदाबादच्या प्रकरणात स्पष्ट करून ठेवलं होतं. इतका रोखठोक नियम असूनही महाराष्ट्रात चार-पाच वर्षं गेली.

कारण सांगितलं गेलं ते ओबीसी आरक्षणाचं. मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अट घातली: आधी आयोग नेमा, मागासलेपणाची आकडेवारी गोळा करा, आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांवर जाऊ देऊ नका. राज्याजवळ आकडेवारी नव्हती. बांठिया आयोग नेमला गेला, जुलै 2022 मध्ये त्याचा अहवाल न्यायालयाने मान्यही केला. मग अडलं कुठे? प्रभागांवर. आधीच्या सरकारने मुंबईचे प्रभाग 227 वरून 236 केले होते. नव्या सरकारने ते पुन्हा 227 केले. प्रकरण न्यायालयात गेलं, ‘जैसे थे’चा आदेश आला आणि त्यानंतर तारखेवर तारीख. अखेर 6 मे 2025 रोजी न्यायालयाने सांगितलं की बांठिया अहवालापूर्वीच्या आरक्षणाप्रमाणे निवडणुका घ्या, चार आठवड्यांत अधिसूचना काढा.

या गोष्टीत एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे, आणि ती फारशी कुणाच्या बोलण्यात येत नाही. मार्च 2022. प्रभागरचनेचं काम तोवर राज्य निवडणूक आयोगाकडे होतं. त्या महिन्यात विधिमंडळाने कायदा बदलून ते राज्य सरकारकडे घेतलं, आणि ते विधेयक एकमताने मंजूर झालं. सत्ताधारी आणि विरोधक, जे दुसऱ्या कुठल्याही गोष्टीवर एकमेकांचं तोंड पाहायला तयार नव्हते, ते या एका गोष्टीवर एक झाले. तेव्हा दोष कुठल्या पक्षाचा, हा प्रश्न इथे फार दूर नेत नाही. निवडणूक लांबण्यात आमदारांचं काय गेलं, हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे.

त्यांचं काहीच गेलं नाही, उलट आलं. प्रभागातल्या छोट्या कामांचा निधी नगरसेवकामार्फत खर्च व्हायचा. नगरसेवक गेल्यावर मुंबईत तो पालकमंत्र्यांच्या संमतीने आमदार-खासदारांच्या मागणीनुसार देण्याची पद्धत पडली. सत्ताधारी आमदारांच्या पदरात भरपूर पडलं आणि विरोधकांच्या वाट्याला फारच थोडं आलं, याच्या बातम्या आकड्यांसह छापून आल्या. 2023 मध्ये तर उपनगराच्या पालकमंत्र्यांचं कार्यालय थेट महापालिकेच्या मुख्यालयात थाटलं गेलं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरच्या ज्या इमारतीपुढे सर फिरोजशहा मेहतांचा पुतळा पहारा देत उभा आहे, त्या इमारतीत शहराने निवडलेलं कुणी नव्हतं आणि राज्याचा मंत्री मात्र होता!

प्रशासकाचा कारभार म्हणजे नेमकं काय, हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. एरवी मोठ्या खर्चाचा प्रस्ताव आयुक्त तयार करतात आणि तो स्थायी समितीपुढे ठेवतात. समितीत विरोधी पक्षाचे सदस्य असतात. ते विचारतात: हा कंत्राटदार मागच्या वर्षी काळ्या यादीत होता ना? अंदाजापेक्षा दर इतका चढा का? माझ्या प्रभागातला रस्ता यादीतून कसा गळला? कधी प्रस्ताव दप्तरी दाखल होतो, कधी फेरविचाराला परत जातो. प्रशासकाच्या काळात काय झालं? आयुक्त आणि प्रशासक एकच व्यक्ती. आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा, प्रशासक म्हणून तोच मंजूर करायचा. स्थायी समितीचे अधिकार त्यांचेच, महासभेचे अधिकारही त्यांचेच. मधे कुणी विचारणारं नाही. एकाच हाताच्या दोन सह्या आणि काम मार्गी. मुंबईतल्या सुमारे 400 किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाचं सहा हजार कोटींचं काम या काळात दिलं गेलं. 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटी रुपयांचा होता. आशियातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकांपैकी एकीचा हा खर्च, आणि त्यावर एकाही लोकप्रतिनिधीचं भाषण नाही.

इथे अधिकाऱ्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचं कारण नाही. त्यांतले कित्येक अतिशय कर्तबगार असतात. पण कर्तबगार माणसालाही उलट प्रश्न विचारणारं कुणी हवं असतं, आणि हा धडा तर मुंबईने दीडशे वर्षांपूर्वीच घेतला होता. 1865 मध्ये आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. धडाडीचा माणूस. बाजार उभारले, रस्ते, गटारं, सफाई केली. त्यांच्या नावाचं मार्केट आजही लोकांच्या तोंडी आहे. पण खर्चाला धरबंध राहिला नाही, तिजोरी रिकामी झाली आणि 1871 मध्ये करदाते खवळून उठले. तेव्हा तरुण फिरोजशहांनी मांडलेली भूमिका मोठी शहाणपणाची होती. कमिशनर बलवान असू द्या, त्याचे हात बांधू नका. पण त्याच्यावर नजर ठेवायला करदात्यांनी निवडलेलं मंडळ हवं. त्यातून 1872 चा कायदा आला आणि मंडळातले निम्मे सभासद करदात्यांनी निवडायचे ठरलं. पुढे 1888 चा कायदा झाला, जो आजही मुंबई महापालिकेचा मूळ कायदा आहे. 2022 पासून मुंबईत जे चाललं, ते फिरोजशहांच्या निम्म्या योजनेवर. बलवान कमिशनर राहिला आणि नजर ठेवणारं मंडळ गेलं.

मग लोक गप्प का बसले?

या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचं, तर नगरसेवकांबद्दल गोड बोलून चालणार नाही. ‘बरं झालं, टक्केवारी तरी थांबली’ हे वाक्य या चार वर्षांत कुणी ऐकलं नाही? कंत्राटदाराच्या भागीदारीत असलेला नगरसेवक, अनधिकृत मजल्यावर डोळेझाक करणारा नगरसेवक, मतदानानंतर थेट पाच वर्षांनी दिसणारा नगरसेवक, हे सगळे खरेच आहेत. महापौर तर आपल्याकडे शोभेचं पद. शहर चालवतो आयुक्त, आणि त्याला नेमतं राज्य सरकार. ज्याच्या हातात फारसं काही नव्हतं, त्याच्या जाण्याचं दुःख कोण करणार?

पण गप्प बसणाऱ्यांतही फरक आहे. सोसायटीत राहणारा माणूस खड्ड्याचा फोटो काढतो, महापालिकेला टॅग करून टाकतो आणि कधीकधी दुसऱ्या दिवशी खड्डा बुजतोही. त्याला नगरसेवक लागत नाही. वस्तीतल्या बाईचं तसं नसतं. नळाला पाणी पहाटे चारला येतं आणि तेही करंगळीएवढ्या धारेने. सार्वजनिक शौचालयाचं चेंबर तुंबलेलं. सासूला केईएम रुग्णालयात दाखल करायचंय, तर शिफारसपत्र हवं. मुलीच्या शाळेसाठी रहिवासाचा दाखला हवा. ही बाई संध्याकाळी नगरसेवकाच्या कार्यालयात जाऊन बसते. कार्यालय म्हणजे काय, रस्त्यालगतचा एक गाळा, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर नेत्यांचे फोटो आणि वहीत नाव लिहून घेणारा एक कार्यकर्ता. पण तिथे तिला भांडता येतं. ‘मत मागायला आला होतात ना?’ हे ती ठणकावून म्हणू शकते. वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर तिला हे म्हणता येतं का? आयुक्तांना म्हणता येतं? नगरसेवक हा सत्तेतला तिच्या हाताशी असलेला एकमेव असा माणूस होता, ज्याला तिची भीती वाटायची.

महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. देशातल्या कुठल्याही विधानसभेत किंवा लोकसभेत इतक्या स्त्रिया आजवर बसलेल्या नाहीत. ज्या ओबीसींच्या जागांसाठी निवडणूक थांबली असं सांगितलं गेलं, त्यांच्याही हजारो जागा या काळात रिकाम्याच राहिल्या. आणि पुढची फळी? विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते. आर. आर. पाटील जिल्हा परिषदेतून आले. मनोहर जोशी मुंबईचे महापौर होते, देवेंद्र फडणवीस नागपूरचे, एकनाथ शिंदे ठाण्याचे नगरसेवक. ज्या शाळेतून हे सगळे शिकून निघाले, ती शाळा चार वर्षं बंद होती. त्या वर्षांतल्या तुकड्या कुठे गेल्या, याचा हिशेब पुढच्या वीस वर्षांत लागेल.

लोकशाहीच्या संकटाची चर्चा जागतिकीकरण आणि राष्ट्रवाद यांच्याशिवाय पुरी होत नाही. आधी जागतिकीकरणाकडे वळू. तुम्ही म्हणाल, प्रभागाचा आणि जागतिकीकरणाचा काय संबंध? फार जवळचा आहे. ज्यांना मुंबईचे जकात नाके आठवतात, त्यांनी दहिसर किंवा मुलुंडची रात्र डोळ्यांपुढे आणावी. मैल-दीड मैल ट्रकांची रांग, इंजिनांचा धूर, चिरीमिरी. त्या नाक्यांबद्दल कुणालाही प्रेम नव्हतं आणि असायचं कारणही नाही. पण त्या नाक्यांवरून मुंबई महापालिकेला वर्षाला सात हजार कोटींच्या आसपास मिळत होते. स्वतःचे. मंत्रालयाकडे हात न पसरता. 1 जुलै 2017 ला वस्तू व सेवा कर आला, एक देश एक कर झाला, नाके उठले. मालाच्या वाहतुकीला ते सोयीचं झालं, बाजारपेठ एक झाली, गुंतवणूकदारांना हवं ते मिळालं. आणि महापालिकेला काय मिळालं? राज्य सरकारकडून दरमहा नुकसानभरपाई. पहिला धनादेश 647 कोटींचा होता. कमावणारं शहर महिन्याच्या तारखेची वाट पाहू लागलं. इतर महापालिकांचा स्थानिक संस्था करही 2015 मध्ये बहुतांश उठला होता. तेव्हा नगरसेवक 2022 ला गेला, पण त्याचा खिसा त्याआधीच रिकामा करून झाला होता.

दुसरी गोष्ट स्मार्ट सिटीची. 2015 मध्ये ही योजना आली. महाराष्ट्रातली आठ शहरं त्यात होती; पुणे आणि सोलापूर पहिल्याच यादीत. अट अशी की काम महापालिकेने करायचं नाही, त्यासाठी कंपनी कायद्याखाली वेगळी कंपनी काढायची. संचालक मंडळावर अधिकाऱ्यांचं वजन जास्त. निवडलेल्या एका छोट्या भागावर योजनेचा मोठा पैसा, आणि त्याबद्दल सभागृहात प्रश्न विचारला तर उत्तर: तो कंपनीचा विषय आहे. जगातलं भांडवल शहरात यायचं असेल तर निर्णय झटपट व्हायला हवेत आणि नगरसेवक फार वेळ खातात, हे त्यामागचं गृहीतक. म्हणून मेट्रोसाठी वेगळं प्राधिकरण, झोपडपट्टी पुनर्वसनासाठी वेगळं, विमानतळाच्या आसपास आणखी वेगळं. महापालिकेच्या हद्दीत महापालिकेची हुकूमत नसलेली बेटं उभी राहिली.

आणि हे मुंबई-पुण्यापुरतं आहे असंही नाही. बंगळुरूत सप्टेंबर 2020 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि ते शहरही वर्षानुवर्षं निवडलेल्या सभागृहाविना राहिलं. चेन्नईत 2016 ते 2022 नगरसेवक नव्हते. मुंबई, बंगळुरू, चेन्नई. देशाला जगाशी जोडणारी ही तीन शहरं. जगभरच्या कंपन्यांची कार्यालयं इथे आहेत, आणि नेमका इथल्याच नागरिकाला आपल्या गल्लीतला प्रतिनिधी नव्हता. तीन राज्यांत तीन वेगळ्या विचारांच्या पक्षांची सरकारं असताना हे झालं. याला योगायोग म्हणायचं का?

मग राष्ट्रवाद इथे कुठे येतो? राष्ट्रप्रेम लोकशाहीच्या आड येतं, असं इथे मुळीच म्हणायचं नाही. उलट, ज्यांनी हे राष्ट्र घडवलं त्यांच्याकडे पाहा. गोपाळ कृष्ण गोखले पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष होते. 1924 साल घ्या: त्या वर्षी चित्तरंजन दास कलकत्त्याचे महापौर झाले, सुभाषचंद्र बोस तिथले मुख्य कार्यकारी अधिकारी, वल्लभभाई पटेल अहमदाबादचे नगराध्यक्ष, आणि जवाहरलाल नेहरू आदल्या वर्षापासूनच अलाहाबादचे नगराध्यक्ष होते. स्वराज्य मागणारी ही माणसं त्याच वेळी गटारांची आणि पाणीपट्टीची फाईल वाचत होती. त्याआधी महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. 1880 मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करायचा ठराव आला, तेव्हा विरोध करणारे ते एकटे होते. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. साम्राज्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला नाही म्हणायची जागा त्यांना कुठे मिळाली? नगरपालिकेच्या सभेत.

त्या राष्ट्रवादाची सुरुवात नळापासून होत होती. आजच्या राष्ट्रवादाला नळ दिसत नाही. जानेवारी 2026 च्या प्रचारात मुंबईत काय ऐकू आलं? घुसखोर. महापौर कुठल्या धर्माचा, कुठल्या भाषेचा. मुंबई तोडण्याचा डाव. दोन्ही बाजूंनी शहराच्या अस्मितेची लढाई पुकारली गेली, आणि पहाटे चारच्या पाण्याबद्दल बोलायला सभांमधून वेळ उरला नाही. राज्यभरात साठाहून जास्त नगरसेवक तर बिनविरोध निवडून आले. चार-पाच वर्षं मत देण्याची वाट पाहिलेल्या लोकांना त्या जागांसाठी मतच देता आलं नाही.

अर्थात स्थानिक म्हणजे आपोआप चांगलं, हा भाबडेपणाही टाळायला हवा. डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत खेड्यांच्या गौरवीकरणावर कोरडे ओढले होते. गाव हे जातीच्या दडपणाचं घर आहे, हे ते सोसून सांगत होते. म्हणूनच 73 व्या आणि 74 व्या दुरुस्तीत आरक्षण आलं. स्थानिक सत्ता हवी आणि ती गावच्या पाटलाच्या वाड्यातून बाहेर काढलेली हवी.

एक उदाहरण दूरचं, पण याच प्रश्नाचं. तुर्कस्तानात 2016 पासून सरकारने कुर्दी भागातल्या निवडून आलेल्या महापौरांना काढून त्यांच्या जागी आपले प्रशासक बसवायला सुरुवात केली. दियारबाकिर, मार्दिन, वान. बाकीचा देश जवळपास स्वस्थ राहिला. मग पाळी इस्तंबूलची आली. मार्च 2019 मध्ये एक्रेम इमामोग्लू सुमारे तेरा हजार मतांनी महापौर झाले. निवडणूक मंडळाने ती निवडणूक रद्द केली. जूनमध्ये पुन्हा मतदान झालं, तेव्हा लोकांनी त्यांना आठ लाखांच्या मताधिक्याने निवडून दिलं. 19 मार्च 2025 ला त्यांना अटक झाली आणि सराचहाने इथल्या महापालिका इमारतीसमोर रात्रीमागून रात्र लाखो माणसं जमत राहिली. सरकारला तिथे प्रशासक बसवता आला नाही. शहराच्या निवडून आलेल्या सभागृहाने आपल्यातूनच हंगामी महापौर निवडला. सभागृह जिवंत होतं म्हणून हे शक्य झालं. आणि तिथला महापौर खरोखर शहर चालवत होता, म्हणून लोकांना तो आपला वाटला.

आपल्याकडे काय करायला हवं? यादी लांब होईल, पण दोन-तीन गोष्टी तातडीच्या आहेत. प्रभागरचनेचं काम राज्य निवडणूक आयोगाकडे परत गेलं पाहिजे. ज्या विधिमंडळाने ते एकमताने काढून घेतलं, त्यानेच ते परत द्यावं. मुदत संपण्याच्या सहा महिने आधी आरक्षण आणि प्रभाग ठरलेले नसतील, तर मागच्याच रचनेवर मतदान होईल, असं कायद्यात लिहून टाकावं. मग लांबवण्यात कुणाचाच फायदा उरणार नाही. आणि क्षेत्रसभा. 2009 मध्ये महाराष्ट्राने शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद केली, गावच्या ग्रामसभेसारखी. ती आजवर कागदावरच आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने ग्रामसभेच्या जोरावर स्वतःच्या जंगलावरचा सामूहिक हक्क 2009 मध्ये मिळवला. शे-दीडशे घरांच्या गोंड गावाला जे जमतं, ते दादर-डोंबिवलीला, कोथरूडला का जमू नये?

नव्या सभागृहांची मुदत 2031 च्या सुरुवातीला संपेल. प्रभागांचं काम त्याच्या आधी वर्षभर सुरू व्हायला हवं, म्हणजे 2030 च्या आरंभी. तोवर जनगणनेचे नवे आकडे आलेले असतील आणि प्रभाग वाढवायचे की नाही, हा वाद पुन्हा निघणारच आहे. आपल्या प्रभागात नुकत्याच निवडून आलेल्या माणसाला किंवा बाईला या महिन्यात एकदा भेटा, आणि क्षेत्रसभा कधी बोलावणार ते विचारा. प्रश्न लेखी द्या, पोच घ्या.